दारावर कोण येते?

२०२४ च्या जुलैमधील गोष्ट. कोरमंगलातील आमच्या इमारतीच्या फाटकावर एका आशा कार्यकर्तीला सुरक्षारक्षकाने अडवून ठेवले होते. रहिवासी संघाची लेखी परवानगी नसताना तिला आत सोडता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. मी योगायोगाने तेथे होतो, म्हणून तिला घरी घेऊन आलो. आमच्याकडे काही सापडणार नाही, याची मला खात्री होती. तिने स्वयंपाकघरातील फ्रिजच्या मागे साचणाऱ्या पाण्याच्या तबकात विजेरीचा उजेड टाकला आणि शांतपणे म्हणाली, ‘सर, हे बघा.’ पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. हयातभर सरकारी नोकरीत राहून स्वच्छतेची परिपत्रके काढलेल्या माणसाच्या घरातली ही स्थिती होती.

त्या वर्षी कर्नाटकात सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत डेंग्यूच्या रुग्णांची संख्या सुमारे २५ हजारांवर गेली होती आणि त्यांतील जवळपास निम्मे रुग्ण बेंगळुरूचे होते. त्याच सुमारास राज्य सरकारने डेंग्यूला साथरोग म्हणून घोषित केले. डासांची पैदास आढळल्यास शहरातील घरमालकाला ४०० रुपये, व्यापारी आस्थापनेला १,००० रुपये आणि बांधकामाच्या जागेला किंवा रिकाम्या भूखंडाला २,००० रुपये दंड ठरवण्यात आला. कायद्याचा धाक आवश्यक असतो, हे मी नाकारत नाही. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला प्रश्न पडतो, की आपल्याकडे साथीचा कायदा नेहमी साथ आल्यावरच का जागा होतो?

या कायद्याची वंशावळ मराठी वाचकांना ठाऊक आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी अवघ्या चार कलमांचा साथरोग कायदा संमत झाला. त्याच्या बळावर पुण्यात रँडच्या अधिकाराखाली गोरे सैनिक घराघरांत शिरले. त्यातून उसळलेल्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाला. त्याच महिन्यांत त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करत होते आणि १० मार्च रोजी त्याच रोगाने सावित्रीबाईंचा मृत्यू झाला. रोग एकच आणि शहरही एकच. एकाच्या येण्याने लोक रुग्ण लपवू लागले. दुसऱ्याच्या भरवशावर त्यांनी आपली माणसे सोपवली. साथीच्या काळात कायद्यात काय लिहिले आहे यापेक्षा दारावर कोण येते, याला अधिक महत्त्व असते.

ऑगस्ट १८९८ मध्ये प्लेग बेंगळुरूत पोचला. म्हैसूर संस्थानातही सक्ती झाली आणि विरोधही झाला. मात्र येथील प्रशासनाने त्यातून काही टिकाऊ गोष्टी उभ्या केल्या. आरोग्य अधिकारी नेमला गेला, समन्वयासाठी शहराचे चार विभाग पाडले गेले, प्रतिबंधाच्या कामासाठी दूरध्वनीच्या तारा टाकल्या गेल्या आणि नव्या घरांच्या बांधकामासाठी स्वच्छतेचे नियम आले. मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या मोकळ्या, आखीव वसाहतींच्या वाढीला याच काळात गती मिळाली. प्लेग ओसरला, पण या व्यवस्था राहिल्या.

आजचा शत्रू उंदरांवरच्या पिसवेपेक्षा अधिक घरगुती आहे. एडिस इजिप्ती हा डास गटाराच्या घाणीत नव्हे, तर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका हे तिन्ही आजार तोच पसरवतो. २०२४ च्या जूनमध्ये पुण्याच्या एरंडवण्यात आढळलेल्या झिकाच्या रुग्णांची आठवण अजून ताजी आहे. अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात आणि अंडी कोरड्या भांड्यातही कित्येक महिने तग धरतात. म्हणून एकदा येऊन धूर सोडून जाणाऱ्या गाडीचा उपयोग मर्यादित असतो. उपयोग होतो तो दर आठवड्याला त्याच गल्लीत, त्याच घरी येणाऱ्या माणसाचा.

दंडाच्या पावतीचे अपुरेपण येथे दिसते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात बेंगळुरूने भीषण पाणीटंचाई सोसली. नळाला रोज पाणी येत नाही, तेथे बाई पिंपे भरून ठेवणारच. इजिपुराच्या गल्ल्यांतील त्या पिंपांना दंड लावणे म्हणजे टंचाईचा भुर्दंड गरिबाकडून दुसऱ्यांदा वसूल करणे होय. त्यांना घट्ट झाकणे द्यावीत, पाण्याचे वेळापत्रक द्यावे. पावती शेवटी द्यावी. उलट आमच्या शेजारच्या बांधकामाच्या तळघरात पावसाचे पाणी आठवडेच्या आठवडे साचून होते. माझ्या तक्रारीला क्रमांक मिळाला, पण माणूस आला नाही.

तो येणार तरी कोठून? घटनेच्या बाराव्या अनुसूचीने सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता हे विषय नगरपालिकांकडे सोपवले आहेत. बेंगळुरू महापालिकेतील लोकप्रतिनिधींची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि डेंग्यूच्या त्या लाटेत शहराला एकही नगरसेवक नव्हता. मार्च २०२२ नंतर मुंबई आणि पुणेही दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिले. मी स्वतः प्रशासनात होतो. म्हणून सांगतो, की साचलेल्या डबक्यासाठी ज्याला मतदार रस्त्यात अडवू शकत नाही, त्याच्या टेबलावर ते डबके फार दिवस राहते.

दुसरी बाजू आशा कार्यकर्त्यांची. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील आशांचा गौरव केला. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकातील आशा दरमहा किमान मानधनाच्या हमीसाठी बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कवर थंडीत बसल्या होत्या. ज्यांच्या खांद्यांवर रोगप्रतिबंधाचा भार आहे, त्यांना आपण अजून ‘स्वयंसेवक’ म्हणतो.

प्रतिबंधाची अडचण अशी, की तो यशस्वी झाला तर दाखवायला काहीच उरत नाही. न झालेल्या आजाराचे उद्घाटन करता येत नाही. म्हणूनच तो उत्साहावर न सोडता नियमित पदे, नियमित वेतन आणि प्रभागनिहाय साप्ताहिक आकडेवारी यांत बांधावा लागतो. तपासणीची सुरुवातही सरकारी भूखंड आणि मोठ्या बांधकामांपासून व्हावी. मग सामान्य माणसाला त्याच्या दारावरची थाप अन्यायाची वाटणार नाही.

आणि आपण? रहिवासी संघाच्या पुढच्या बैठकीत मी आशा कार्यकर्तीच्या प्रवेशाचा विषय मांडला. सुरक्षिततेची शंका काढली गेली. जेवणाचे डबे पोचवणाऱ्या मुलांना आपण दिवसातून वीस वेळा वर सोडतो, एवढेच मी म्हणालो. ठराव झाला. आता दर रविवारी आमच्याकडे कोरडा दिवस पाळला जातो आणि फ्रिजमागचे तबक पुसून ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे.