अटकेचा रकाना

सिद्धेश्वर धरणाच्या भिंतीखालच्या रस्त्यावर पहाटे पाचला पोरं पळत असतात. कुणाला पोलीस व्हायचंय, कुणाला हिंगोलीच्या राज्य राखीव दलाच्या गट क्रमांक 12 मध्ये जायचंय, कुणाचं लक्ष केंद्रीय दलांवर. सोळाशे मीटर वेळेत बसले, गोळा पडला, लेखी निघाली की हातात पडतो तो साक्षांकन नमुना. त्यातला एक रकाना वाचून काही पोरं थेट आपल्या टेबलासमोर येतात: ‘आपणास कधी अटक झाली होती काय?’

मागच्या महिन्यात असाच एक जण आला होता. चारीवर पाणीपाळीवरून दोन घरांत भांडण झालेलं. फिर्यादीत नेहमीसारखी घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं, त्यात बारावी झालेल्या याचंही. कलमं 324, 323, 504, 506 आणि 34. अटक दाखवली, ठाण्यातच जामीन झाला. पुढे गावात मिटलं, पण 324 ला कोर्टात तडजोड नाही. म्हणून साक्षीदार फितूर झाले आणि सगळे सुटले. पोरगा विचारत होता, “साहेब, केस तर संपली. ‘नाही’ लिहिलं तर चालतंय ना?”

याच प्रश्नाला अनेक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका मुलाला “चालतंय” असं सांगितलं होतं. निर्दोष सुटलास, आता तो विषयच नाही, असं मला मनापासून वाटत होतं. त्याचं प्रशिक्षण सुरू झालं आणि चारित्र्य पडताळणीत ठाण्याचा अहवाल गेला. नेमणूक रद्द झाली ती भांडणासाठी नव्हे, ‘नाही’ या शब्दासाठी. तो शब्द माझा होता. त्याचे वडील नंतर भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, “तुम्हाला विचारूनच लिहिलं होतं, साहेब.” हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही, आणि म्हणून हे संपादकीय.

आपल्या कायद्यात सज्ञान माणसाची अटक पुसून टाकण्याची सोयच नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत नोंद पुसण्याचा आदेश मिळतो. आपल्याकडे निर्दोष मुक्तता मिळते, खंडपीठात गुन्हा रद्द होतो, ‘ब’ किंवा ‘क’ समरी मंजूर होते. यातलं काहीही झालं तरी अटक झाली होती ही घटना राहतेच. ती ठाण्याच्या दप्तरात असते, सीसीटीएनएसवर असते, आणि खटल्याची माहिती ई-कोर्टवर कुणालाही दिसते. पक्षकाराला ‘सुटलास’ म्हणजे ‘झालंच नव्हतं’ असं वाटतं. त्याचं तसं वाटणं स्वाभाविक आहे, पण आपण त्याला तसं वाटू देता कामा नये.

सर्वोच्च न्यायालयाने 21 जुलै 2016 रोजी अवतार सिंग प्रकरणात त्रिसदस्यीय पीठाचा निकाल दिला, तो प्रत्येक फौजदारी वकिलाने टेबलावर ठेवावा. माहिती खरी हवी. किरकोळ गुन्हा, कोवळं वय असेल तर लपवणुकीकडेही नोकरी देणारा कानाडोळा करू शकतो. नमुन्यात जे नेमकं विचारलं नाही ते सांगितलं नाही म्हणून लपवणूक ठरत नाही. आणि सगळं खरं सांगितलं तरी नोकरी द्यायलाच हवी असं बंधन नाही. हा शेवटचा भाग पक्षकाराला आधीच सांगा. खरं लिहिलं की काम होणारच, अशी खोटी हमी देऊ नका.

पुढच्या निकालांत दोन्ही टोकं दिसतात. रेल्वे संरक्षण दलातल्या पवन कुमारला 2022 मध्ये दिलासा मिळाला, उत्तर प्रदेश पोलिसातल्या रवींद्र कुमारला फेब्रुवारी 2024 मध्ये. उलट राजस्थानच्या वीज प्रसारण निगमातल्या अनिल कनवरिया प्रकरणात 2021 मध्ये बडतर्फी कायम राहिली, आणि हे उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याला परिवीक्षा कायद्याच्या कलम 12 चा लाभ मिळालेला होता, म्हणजे शिक्षेमुळे येणारी अपात्रता कायद्यानेच दूर झालेली. तरीही खोटं लिहून नोकरी घेतली, हा दोष त्याने दूर झाला नाही. दिलासा मिळालेल्यांनाही तो वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळाला आहे. पंचविशीतल्या मुलाची ती वर्षं भरून देणारा निकाल कुठलंच न्यायालय देत नाही.

आपलं खरं काम प्रश्न वाचण्याचं आहे. वर सांगितलेल्या मुलालाच तीन अर्ज भरायचे आहेत असं धरा. साक्षांकन नमुना ‘कधी अटक झाली का’ विचारतो: उत्तर ‘होय’. पासपोर्टचा अर्ज फौजदारी न्यायालयात प्रलंबित असलेली कारवाई आणि मागल्या पाच वर्षांतली शिक्षा विचारतो: त्याचं खरं उत्तर ‘नाही’. उद्या तो पुण्याच्या कंपनीतून अमेरिकेला निघाला तर व्हिसाचा डीएस-160 अर्ज अटक झाली होती का ते विचारतो, आणि माफी किंवा तसं काही मिळालं असलं तरी सांगा असंही बजावतो: पुन्हा ‘होय’. तिथे अटकेने व्हिसा अडेलच असं नाही, पण जाणूनबुजून महत्त्वाची बाब लपवली असं ठरलं तर त्या देशाचं दार कायमचं बंद होऊ शकतं. अर्ज भरून देणारा एजंट हे सांगत नाही. एकाच मुलाची तीन उत्तरं, आणि तिन्ही खरी.

अटक म्हणजे काय, हेही पक्षकाराला ठाऊक नसतं. जुन्या 41-अ ची, म्हणजे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 35(3) ची नोटीस घेऊन ठाण्यात गेला तर ती अटक नव्हे. चॅप्टर केसमध्ये 151 खाली, आताच्या 170 खाली, रात्रभर ठेवलं तर ती अटकच, गुन्हा दाखल नसला तरी. 1 सप्टेंबर 2023 च्या अंतरवाली सराटीतल्या लाठीमारानंतर मराठवाड्यात ठिकठिकाणी रास्ता रोको झाले. अशा आंदोलनांतले खटले सरकार मागे घेतं तेव्हा मुलांना वाटतं, नावच गेलं. पूर्वीच्या 321 खाली, आता 360 खाली, खटला कोर्टाच्या संमतीने मागे जातो. दोषारोप ठेवण्याआधी गेला तर डिस्चार्ज, नंतर गेला तर निर्दोष मुक्तता. यातलं नेमकं काय झालं ते त्या मुलाला लिहून द्या.

अठरा वर्षांखालच्यांचं वेगळं. बाल न्याय कायद्याच्या कलम 24 ने अपात्रता जाते आणि नोंद नष्ट करायची असते. सोळा वर्षांवरचा मुलगा घृणास्पद गुन्ह्यात सज्ञान म्हणून दोषी ठरला तरच अपवाद. पण आपल्याकडे फिर्यादीत वय अंदाजाने ‘अंदाजे 19’ लिहिलं जातं आणि आपण ते तसंच पुढे नेतो. शाळेचा दाखला किंवा दहावीची सनद पहिल्याच तारखेला मागा.

आणि खटला चालवतानाच या रकान्याचा विचार करा. फितुरीवर सुटलेला निकाल पडताळणी समितीसमोर लुळा पडतो. 2013 च्या मेहर सिंग प्रकरणाने ते दाखवून दिलंय. पाच नावांतलं एक घुसडलेलं असेल तर साक्षीदाराला तेवढंच विचारा, की हा जागेवर होता का. ‘आरोपी क्रमांक 5 हजर असल्याचा पुरावा नाही’ एवढं एक वाक्य निकालात आलं तर त्या मुलाला ते आयुष्यभर पुरतं. निकालाच्या दिवशीच प्रमाणित नक्कल काढून त्याच्या हातात द्या. दहा वर्षांनी ना त्याला खटला क्रमांक आठवतो, ना आपल्याला.

त्या पोराच्या निकालात असं वाक्य नव्हतं. सोळा पानी निकाल आम्ही दोघांनी ओळ न् ओळ वाचला, आणि मग त्याने रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं: ‘होय. शेतीच्या पाण्याच्या वादातून दाखल गुन्ह्यात अटक, त्याच दिवशी जामिनावर सुटका. न्यायालयाने निर्दोष मुक्त केले. फिर्याद, दोषारोपपत्र व निकालाची प्रमाणित नक्कल सोबत जोडली आहे.’