बारा महिन्यांचे सोने

धनत्रयोदशीला ज्या घरात आजीच्या एखाद्या पुतळीची पूजा होते, त्या घरातील माणसांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही: सोने नासत नाही. धान्याला कीड लागते, कापडाला कसर लागते, लोखंडाला गंज चढतो. सोने तीन पिढ्या तसेच राहते. म्हणूनच बारा महिन्यांत नासणाऱ्या एका सोन्याविषयी मला चार शब्द कडक बोलायचे आहेत.

हे सोने निन्टेण्डो या जपानी कंपनीचे. १८८९ साली क्योटोत पत्त्यांचे कॅट बनवण्यापासून तिचा आरंभ झाला. आज तिचे व्हिडिओ गेम जगभरच्या मुलांच्या हाती आहेत. तिच्या खेळांशी माझे वैर नाही. मारिओ मुलांना आवडतो, खुशाल आवडो! माझे भांडण तिच्या पॉइंटांशी आहे.

२०१६ साली ‘माय निन्टेण्डो’ ही योजना सुरू झाली. पुढे अमेरिकेत तिचा हिशेब असा होता: डिजिटल दुकानातून ६० डॉलरचा खेळ घेतला, की ३०० गोल्ड पॉइंट. एक पॉइंट म्हणजे एक सेंट. म्हणजे झाले ३ डॉलर. ते कंपनीच्याच दुकानात खर्चायचे, तेही बारा महिन्यांत. मुदत टळली, की सोन्याची माती!

कोणी म्हणेल, “मास्तर, फुकट मिळते आहे, तुमचे काय जाते?” अहो, फुकट कुठले? आधी ६० डॉलर मोजले, तेव्हा ३ चा कागदी हक्क मिळाला. दिवाळीची पोस्त देताना आपण पोस्टमनला “ही आमच्याच दुकानात, आमच्याच मुदतीत खर्च कर” असे सांगतो काय? सांगितले, तर तिला पोस्त कोण म्हणेल? मुदत जवळ आली, की ३ डॉलर वाचवण्यासाठी मूल नको असलेला २० डॉलरचा खेळ घेते. मुदतीचे सारे मर्म त्या घाईत आहे.

आणखी एक गोम पाहा. तोच खेळ कार्डाच्या रूपात घेतला, तर पाच टक्क्यांऐवजी एकच टक्का मिळे. कार्ड खेळून झाल्यावर विकता येते, शेजारच्या मुलाला देता येते. डिजिटल खेळ विकता येत नाही. म्हणजे ज्या खरेदीत गिऱ्हाइकाच्या हाती कमी उरते, तिलाच बक्षीस मोठे! याला मी कृतज्ञता म्हणणार नाही. हे वळण लावणे आहे.

मार्च २०२५ नंतरच्या खरेदीवर कंपनीने गोल्ड पॉइंट देणे थांबवले. आधीचे पॉइंट मुदतीपर्यंत चालतील, असे तिने आगाऊ सांगितले. तेवढा सरळपणा मी मान्य करतो. पण याने माझेच म्हणणे सिद्ध होते. जे देणारा स्वतःच्या मर्जीने बंद करू शकतो आणि घेणारा साठवू शकत नाही, ते धन नव्हे. शिवाय प्लॅटिनम पॉइंट नावाचा दुसरा प्रकार आहेच. त्याचे आयुष्य सुमारे सहा महिने. आणि त्यातून एखादी वस्तू मागवली, तर पाठवणावळ आपल्या खिशातून!

कंपन्यांना सूट द्यायची असेल, तर त्यांनी ती सरळ किमतीत द्यावी. ६० चे ५७ करा. हिशेब तिथेच संपेल. सवलतीला सोन्याचे नाव आणि बक्षिसाचा मुलामा कशाला?

वाचकहो, हा नाद एका कंपनीचा नाही. तुमच्या फोनमध्येही असे पॉइंट असतील. मुलगा “इतके पॉइंट मिळाले!” म्हणत धावत आला, तर त्याला रागावू नका. पाटीपेन्सिल घेऊन शेजारी बसवा आणि तीन प्रश्न घाला: हे मिळवायला किती मोजले? हे कुठे चालते? हे कधी मरते? तिसऱ्या प्रश्नाशी तो थबकला, तर त्याला आजीची पुतळी दाखवा.