अब्बांनी पाठवलेला सूर

नांदगाव-मनमाड पट्ट्यातल्या बऱ्याच आयांची हल्ली एक तक्रार असते : पोरगा कानात वायर घालून दिवसभर काहीतरी पुटपुटत असतो. हे पुटपुटणे म्हणजे रॅप. त्यातल्या शिव्या ऐकून आपण कानावर हात ठेवतो, ते बरोबरच. पण सगळा रॅप म्हणजे शिवीगाळ नव्हे. या महिन्यात अशाच दोन मुलांविषयी.

पहिला सोमालियाचा. १९९१ मध्ये तिथे यादवी पेटली, तेव्हा एक आई मुलांना घेऊन राजधानी मोगादिशूतून निघाली. त्यात तेरा वर्षांचा केनान होता. वडील आधीच न्यूयॉर्कला जाऊन टॅक्सी चालवत होते. तिथून त्यांनी मुलाला रॅपच्या रेकॉर्डी पाठवल्या होत्या. इंग्रजी कळत नसतानाही केनानने त्या तोंडपाठ केल्या. आजोबा नामवंत शायर, त्यामुळे लयीचे संस्कार घरातच होते. पुढे कॅनडातल्या टोरोंटोत वाढून त्याने उखडलेल्या माणसांचे दुःख रॅपमध्ये मांडले. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात त्याचे ‘वेव्हिन फ्लॅग’ जगभर वाजले.

उखडले जाणे आपल्याला परके नाही. शेजारच्या मालेगावातल्या कित्येक विणकर घराण्यांचे पूर्वज १८५७ नंतरच्या काळात उत्तरेतून इथे आले.

दुसरा मुलगा आपल्याच राज्यातला, मुंबईच्या कुर्ल्याचा नावेद शेख. लोक त्याला ‘नेझी’ म्हणून ओळखतात. त्याचेही वडील कामासाठी परदेशी, घर आईच्या भरवशावर. लहानपणी शॉन पॉल या जमैकन गायकाचे गाणे अर्थ न कळताच त्याने पाठ केले. वाईट संगतीने पोलिसांपर्यंत प्रकरण गेले, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. त्यानंतर तो लिहायला बसला. वडिलांनी दिलेल्या आयपॅडवरच त्याने ‘आफत’ हे गाणे चित्रित केले आणि २०१४ मध्ये इंटरनेटवर टाकले. स्टुडिओ नाही, पैसा नाही. पण बोली गल्लीतली होती आणि राग खरा होता. त्याच वर्षी त्याच्यावर ‘बॉम्बे ७०’ हा माहितीपट आला. कुर्ला पश्चिमचा पिनकोड ४०० ०७०, त्यावरून हे नाव. २०१९ चा ‘गली बॉय’ हा सिनेमा त्याच्या आणि डिव्हाइन या दुसऱ्या रॅपरच्या आयुष्यावरून सुचलेला.

पण सिनेमा येण्याआधी, नाव गाजत असतानाच, नावेद काही काळ थांबला होता. घरच्यांना हा मार्ग दीनशी जुळणारा वाटत नव्हता आणि त्याच्या मनातही तोच प्रश्न होता. नंतर तो परतला. २०२० मध्ये त्याचा ‘मगरिब’ हा अल्बम आला. मगरिब म्हणजे पश्चिम, आणि आपल्या सूर्यास्ताच्या नमाजचेही तेच नाव.

दोन्ही घरांत एक गोष्ट सारखी आहे. बाप दूर होता, त्याने प्रेमाने वस्तू पाठवली आणि मुलाला तिच्यातून बोलायची वाट सापडली. आपल्याकडेही कोणाचे अब्बा आखातात, कोणाचे सुरतेत. मोबाइल येतो, पैसे येतात. पण मुलाशी बोलायला माणूस घरी नसतो. मग तो यमक जुळवत बसतो.

संगीताबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो निर्णय प्रत्येक घराने आपल्या आलिमांना विचारून घ्यावा. त्याआधी एक काम मात्र आईबापांचेच आहे. मोबाइल हिसकावण्याऐवजी एकदा म्हणा, “बेटा, काय लिहिलंस ते वाचून दाखव.” शिवी असेल तर तिथेच टोका. पण त्या ओळींत शाळेतला अपमान असेल, बेकारीची भीती असेल, अब्बांची आठवण असेल, तर तेही नीट ऐका. रविवारी अब्बांचा फोन येईल तेव्हा त्याच ओळी त्यांनाही ऐकवायला सांगा.