काचेची दुहेरी भिंत की आपली पडवी?

आपल्याकडच्या नव्या इंजिनिअरिंग कॉलेजांची माहितीपत्रकं पाहिलीत? जमिनीपासून गच्चीपर्यंत काच! आता एका काचेवरही भागत नाही, म्हणून 'डबल स्किन', म्हणजे काचेच्या दोन भिंती आणि मध्ये हवेची पोकळी. "परदेशात असंच असतं" हे त्यामागचं ब्रह्मवाक्य. मंडळी, मी परदेशातच, कतारमध्ये राहतो आणि इमारतींतल्या उष्णतेचं गणित मांडणं हाच माझा धंदा. म्हणून स्पष्टच लिहितो.

ही युक्ती थंड देशातली. जर्मनीत गिंगेनला श्टाइफ कंपनीने 1903 साली आपला खेळण्यांचा कारखाना असा बांधला. उजेड हवा, थंडी नको; तिथे पोकळीतली तापलेली हवा म्हणजे फुकटची गोधडी! उन्हाळ्यात ती वरून सोडून द्यायची. पण बाहेरच 45 अंश असतील, तर खालून आत शिरणारी हवाही 45 अंशांचीच ना? धुराडं बसवलं म्हणून भट्टी गार होत नाही.

तुम्ही म्हणाल, दोहात काचेचे मनोरे आहेतच की! आहेत. इथे वीज गॅसवर होते आणि गॅस घरचाच आहे. पण याच दोहातला, 2000 नंतर जुन्या धर्तीवर पुन्हा उभारलेला सूक वाकिफ बाजार बघा. मातीच्या गिलाव्याच्या जाड भिंती, लहान खिडक्या आणि एकमेकींवर सावली धरणाऱ्या अरुंद गल्ल्या. कतार विद्यापीठाने तर हाच धडा वर्गांसाठी गिरवला. इजिप्शियन वास्तुकार कमाल अल-काफ्रावी यांनी 1980च्या दशकात तिथे अष्टकोनी वर्ग, जाळ्या आणि वाऱ्याचे मनोरे बांधले. एसी तिथेही आहे, पण त्याच्यावरचा भार आधी सावलीने हलका केलाय.

मुद्दा एवढाच, की ऊन काचेपर्यंत पोचण्याआधीच अडवायचं. दुसरी कातडी जरूर हवी, पण ती काचेची कशाला? आपली पडवी, व्हरांडा, जाळी म्हणजे दुसरं काय आहे? पुण्यात चार्ल्स कोरियांनी बांधलेली आयुका जाऊन पाहा. काळ्या दगडाच्या भिंती, मध्ये मोकळं अंगण. तिथल्या विज्ञानाला काचेवाचून काही कमी पडलेलं नाही!

ही काच, तिची पुसपास आणि एसीचं बिल शेवटी फीमधूनच वसूल होणार. तेव्हा प्रवेश घेताना पालकांनी एकच विचारावं : मे महिन्यात ऐन परीक्षेत वीज गेली, तर वर्गाची खिडकी उघडते का?