काय खाल्लं होतं?

हा प्रश्न आपण फॅमिली डॉक्टर दिवसातून पन्नासदा विचारतो. उत्तर पुरतं ऐकायच्या आत हात चिठ्ठी लिहू लागलेला असतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री मी तो असाच विचारला, आणि त्याचा त्रास चार वर्षांच्या एका मुलाला झाला.

सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्याच्या माझ्या दवाखान्यात रात्री साडेनऊला एक आजी नातवाला खांद्यावर टाकून आल्या. "संध्याकाळपासून नुसता झोपतोय हो डॉक्टर. उठवला तर धडपडतो." ताप नव्हता. एकदा उलटी झालेली. डोळे लालसर, हातपाय लुळे, उभा केला तर पाऊल तिरकं पडत होतं. रक्तातली साखर ठीक. डोक्याला मार? नाही. कुणाची औषधं, फिनेल, उंदराचं औषध? नाही. काय खाल्लं होतं? "नेहमीचंच, वरणभात." जुलै महिना आणि गुंगीतलं मूल, म्हणजे मेंदूज्वर किंवा मलेरिया हेच आपल्या डोक्यात पहिलं येतं. मी चिठ्ठी देऊन रुग्णालयात पाठवलं. तिथे सीटी स्कॅन झाला आणि पाठीतून पाणी काढायची तयारीही झाली. पहाटे दोनच्या सुमारास मुलाच्या मामानं निवासी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं की फ्रिजमध्ये जेलीच्या गोळ्या होत्या, त्यात गांजा होता, मित्रांसाठी त्यानं घरीच बनवल्या होत्या, आणि त्यातल्या दोन कमी आहेत.

मूल दुसऱ्या दिवशी दुपारी जागं झालं आणि त्यानं ब्रेड-बटर मागितलं. कुठलाही उतारा द्यावा लागला नाही. तसा उतारा नाहीच. श्वासावर लक्ष, सलाईन आणि वेळ, एवढंच लागतं. सीटी स्कॅन टळला असता. ती सुईची तयारी आणि मुलाच्या आईची ती रात्रही टळली असती. मी प्रश्न विचारला होता, पण नीट विचारला नव्हता.

मामानं नंतर त्या गोळ्यांचा डबा मला आणून दाखवला. कोथिंबीर निवडून ठेवतात तसला स्टीलचा डबा, फ्रिजच्या दारात कोकम सरबताच्या बाटलीशेजारी ठेवलेला होता म्हणे. आत लाल-हिरवी अस्वलं, वरून साखर भुरभुरलेली. एक हातात घेतलं. आंबावडीपेक्षा मऊ, लिंबाचा वास. वाण्याच्या दुकानातल्या जेलीपासून ते मलाही वेगळं काढता आलं नसतं. चार वर्षांच्या मुलानं ते ओळखायचं कसं?

हे आपल्या भागात आता अपवादानं घडणारं राहिलेलं नाही, म्हणून हा अंक त्यावर उघडतो आहे. २०२१च्या जुलैत मालाडच्या एका बेकरीत गांजा घातलेल्या ब्राउनी पकडल्या गेल्या, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ती बातमी श्रीमंत पोरांचे चाळे म्हणून बाजूला सारली. त्यानंतर ९ जून २०२२ रोजी थायलंडनं गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. पुढे बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात हायड्रोपोनिक गांजा सापडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून इतक्या वेळा आल्या की वर्तमानपत्रांनी त्या आतल्या पानावर टाकल्या. तो विमानतळ माझ्या दवाखान्याच्या गच्चीवरून दिसतो.

घरच्या गोळीत नेमकं काय बिघडतं, हे आपण समजून घ्यायला हवं, कारण रुग्णाला ते आपल्यालाच सांगायचं आहे. गांजातला नशा आणणारा घटक, टीएचसी, तेला-तुपात विरघळतो, पाण्यात नाही. जेली म्हणजे जिलेटिन किंवा आगर-आगरनं धरलेलं साखरेचं पाणी. दोन्ही एकत्र ढवळली तरी साचे भरेपर्यंत तेल आपलं वेगळं होऊ पाहतं. परिणामी एका अस्वलात जवळजवळ काहीच नाही आणि त्याच ताटातल्या दुसऱ्यात चौघांचा वाटा. बनवणारा कितीही प्रामाणिक असो, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर हे मोजता येत नाही. शिवाय मूळ मालात टीएचसी किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

दुसरी गोष्ट वेळेची. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. खाल्लेला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काहीच दाखवत नाही. यकृतात टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, ते मेंदूत सहज शिरतं, आणि अंमल सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त टिकतो. पहिल्या तासात "यात काही दम नाही" म्हणून माणूस दुसरी गोळी खातो. २०१४च्या मार्चमध्ये डेन्व्हरला एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं दुकानातून रीतसर घेतलेल्या कुकीचा एक तुकडा खाल्ला, अर्ध्या-एक तासात काही वाटेना म्हणून उरलेली सगळी खाल्ली. तिच्यात एकूण ६५ मिलिग्रॅम टीएचसी होतं, म्हणजे सहाजणांचा वाटा. सुमारे अडीच तासांनी त्यानं चौथ्या मजल्यावरून उडी मारली. त्या कुकीवर निदान लेबल तरी होतं.

मुलांचं गणित आणखी कठोर आहे, कारण वजन कमी आणि गोळी गोड. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालच्या मुलांनी असे पदार्थ खाल्ल्याच्या २०१७ साली २०७ नोंदी होत्या, २०२१ साली ३,०५४. 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात २०२३च्या आरंभी हे आकडे आले. बहुतेक मुलांनी ते घरातच खाल्लं होतं. कोलोरॅडोनं तर २०१७ साली माणसं, प्राणी आणि फळं यांच्या आकाराच्या गोळ्यांवर बंदीच घातली. घरी वापरायचे सिलिकॉनचे साचे मात्र अस्वलांचेच मिळतात.

याला आपल्याकडचं उत्तर ठरलेलं असतं. "भांग तर शंकराचा प्रसाद, आपली परंपराच आहे." परंपरा आहेच, आणि मला तिचा आदर आहे. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्तानं भांगेवर एक संवाद लिहिला. हाच वैद्य मुंबई बेटाचा पट्टेदारही होता. दूध, तूप, साखर आणि भांग यांची माजूम नावाची वडी आपल्या बाजारात शतकानुशतकं विकली जात होती. कलकत्त्याच्या डॉक्टर ओशॉनेसीनं १८३९ साली तिची कृती लिहून ठेवली. आजच्या या गोळीची पणजी तीच. पण माजूम पानांची असे, आणि पानांत टीएचसी बेताचं. आजची गोळी हायड्रोपोनिक फुलोऱ्याची किंवा चरसाची. वैद्य विजया, म्हणजे भांगच, वापरतात ती शोधन करून, मात्रा ठरवून. औषध नियमांच्या अनुसूची ई-१मध्ये भांग विषारी द्रव्यांत मोडते आणि वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावी अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. घोटा प्यायलेली जुनी माणसंही "थांब, चढायला वेळ लागतो" हे पोराला सांगत. परंपरेतला हा शहाणपणा गाळून फक्त परवानगी उचलायची, हे मला मान्य नाही.

गांजाचे अर्क विसाव्या शतकात पाश्चात्त्य औषधशास्त्रातून मागे पडले, त्यामागेही डोसचा हा प्रश्न मोठा होता. एका बाटलीनं गुण यावा आणि दुसरीनं रुग्ण बेशुद्ध पडावा, असं चाले. १९६४ साली इस्राएलमध्ये टीएचसी वेगळं काढून त्याची रचना ठरली, तेव्हा कुठे मिलिग्रॅममध्ये बोलणं शक्य झालं. स्वयंपाकघरातली गोळी आपल्याला त्याच्याही मागे नेते.

कायद्याचं थोडक्यात, कारण कुटुंबं गप्प का बसतात ते त्यातून कळतं. १९८५चा अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा गांजा आणि चरस दोन्हीला लागू आहे. भांगेचं पान त्याच्या बाहेर असलं तरी राज्याच्या १९४९च्या दारूबंदी कायद्यात भांगेलाही परवाना लागतो. आणि एप्रिल २०२०मध्ये हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मिश्रणातल्या निरुपद्रवी भागाचंही वजन धरायचं. चरसाची अल्प मात्रा १०० ग्रॅमपर्यंत. साखर आणि जिलेटिन धरून घरच्या गोळ्यांचं एक ताट ती सहज ओलांडेल. तो मामा पहाटे दोनपर्यंत का गप्प राहिला, हे मला आता समजतं. भाच्याचा श्वास मंद होताना पाहत होता आणि तोंड उघडत नव्हता.

म्हणून विचारण्याची पद्धत बदलू या. "नशेचं काही घेतलं का?" असा प्रश्न आजीला विचारून उपयोग नाही, तिला ते ठाऊकच नसतं. मुलाच्या बाबतीत घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वेगवेगळं, बाजूला घेऊन विचारा, आणि हॉस्टेलहून सुटीला आलेल्या दादा-मामालाही वगळू नका. तरुण रुग्णाला आईवडिलांसमोर विचारू नका. धडधडतंय, जीव जातोय असं वाटतंय म्हणत आलेल्या बावीस वर्षांच्या मुलीचा ईसीजी काढाच, पण पडदा ओढून तिला एकटीला विचारा. सुरुवातीलाच सांगा की मला फक्त उपचारासाठी हवंय, मी पोलीस नाही. रुग्णालयात विषबाधेची मेडिकोलीगल नोंद होते हेही लपवू नका. खोटं आश्वासन दिलं तर पुढच्या वेळी ते घर आपल्याकडे येणारच नाही. ताप नसलेलं, साखर ठीक असलेलं, झोकांड्या खाणारं मूल दिसलं की लघवीची तपासणी लवकर सुचवा. पण तिच्या निकालासाठी त्याला दवाखान्यात थांबवून ठेवू नका, कारण मुलांत श्वास मंदावतो आणि झटकेही येऊ शकतात.

आणखी एका रुग्णाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. कलिन्याचे एक निवृत्त शिक्षक, केमोथेरपी चालू, अन्नावरची वासना उडालेली. परदेशातल्या मुलीनं व्हिडिओ कॉलवर गोळ्यांची कृती सांगितली आणि सूनबाई त्या बनवणार होत्या. "डॉक्टर, तुम्ही हो म्हणालात तरच," सर म्हणाले. त्यांना झिडकारणं सोपं होतं. केमोच्या उलट्यांवर नॅबिलोन, ड्रोनॅबिनॉल ही याच कुळातली औषधं जगात कित्येक वर्षं वापरात आहेत, म्हणजे त्यांची मागणी खुळचट नव्हती. मी नाही म्हटलं ते याच कारणानं की सत्तरीतल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला कुठल्या अस्वलात किती आहे हे मला सांगता येणार नव्हतं. मग त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टना फोन लावला, उलटीची औषधं बदलून घेतली. पुढच्या खेपेला सर पेजेबद्दल तक्रार करत होते, मीठ कमी पडतं म्हणून.

माझ्या केसपेपरवर आता 'आहार' या शब्दाच्या जागी एक ओळ छापून घेतली आहे: "गेल्या बारा तासांत घरात कुणी बनवलेलं, कुणी आणलेलं किंवा कुणी दिलेलं गोड काही? कुणाला विचारलं?" त्यातला दुसरा प्रश्न माझ्यासाठी आहे.