मॅनेजर हाकला!

फुटबॉलचा संघ चार सामने हरला, की प्रेक्षकांची एकच आरोळी उठते : मॅनेजर हाकला! मला ही आरोळी साफ नामंजूर आहे.

इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडने १९८६ साली अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांना नेमले. तीन वर्षे गेली, करंडक येईना. डिसेंबर १९८९ मध्ये 'सबबी पुरे, आता चालते व्हा' अशा अर्थाचा फलक भर मैदानात झळकला. मालकांनी तो मनावर घेतला नाही. १९९० मध्ये एफ. ए. कप आला, १९९३ मध्ये लीग. आणि २०१३ मध्ये निवृत्त होईतो लीगची १३ विजेतेपदे!

नंतर आलेल्या डेव्हिड मॉइस यांना सहा वर्षांचा करार देऊन दहा महिन्यांच्या आत निरोप दिला. पुढच्या दहा वर्षांत मॅनेजर बदलत राहिले. लीग एकदाही आली नाही.

पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकाने बोलू नये काय? जरूर बोलावे! पण खेळाडूंची खरेदी चुकवणारे मालक सुटतात, गोल हुकवणारा सुटतो. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला! सहामाहीत मुले नापास झाली म्हणून हेडमास्तर बदलल्याने वार्षिक निकाल सुधारल्याचे मी तरी पाहिलेले नाही.