वेष्टन आणि स्वर

‘व्हीएसटी’ प्लगइन म्हणजे आज्ञावलीत सामावलेले वाद्य किंवा ध्वनिपरिणाम. स्टाइनबर्ग कंपनीने हे तंत्र १९९६ साली आणले. एफएल स्टुडिओत बाहेरचे असे वाद्य ‘रॅपर’ नामक वेष्टनातून चालते. रचनेच्या फाइलीत मात्र वाद्य नसते. असतात स्वरांच्या नोंदी, वाद्याचे नाव आणि ते कसे लावले होते याचा तपशील. प्लगइन नाहीसे झाले की फाइल उघडते, वेष्टन दिसते, स्वर उमटत नाही. २०१८ मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी-२ साठी नवे परवाने देणे थांबवले. जुनी वाद्ये एकेक गळणारच.

साहित्याच्या अध्यापकांनी यात का पडावे? आम्ही सोनईचे, म्हणजे नेवासे तालुक्यातले. नेवाशात १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा पाठ एकनाथांनी १५८४ मध्ये शुद्ध केला. ते शक्य झाले, कारण प्रतींत, अशुद्ध का होईना, अक्षरे होती. वेष्टनात अक्षरच नाही. (जुन्या टंकातले आमचे निबंध आज अगम्य चिन्हे होऊन उघडतात, पण त्यांचे निदान रूपांतर तरी करता येते.) तेव्हा विद्यार्थ्यांनी कवितांना दिलेले संगीत जतन करताना महाविद्यालयांनी केवळ रचनेच्या फाइलीवर समाधान मानू नये, प्रत्येक वाद्याचा ध्वनी स्वतंत्र ‘वेव्ह’ फाइलीत उतरवून घ्यावा. जागा अधिक लागेल, लागू द्यावी.